आश्रमात नातवंडं येतात तेव्हा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला येते आणि तिच्या मागोमाग आठवडाभरात वसुबारस. पंचांगातल्या या शेजारामुळे नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात काही घरांत दरवर्षी तोच पेच पडतो. घरातले आबाजी गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. भगवी टोपी, पांढरा सदरा, खांद्याला पिशवी आणि मुक्काम गुरुकुंज मोझरी. अमरावती जिल्ह्यातल्या या आश्रमात पुण्यतिथीच्या दिवशी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. तो क्षण चुकवायचा नाही, त्याआधीची मंडपाची, पंगतीची, झाडलोटीची सेवाही चुकवायची नाही. इकडे नागपुरातल्या शाळांना सुट्या लागायच्या बेतात असतात. मुलगी फोनवर विचारते, पोरांना कधी पाठवू? आजी म्हणते, आबाजी येऊ दे. आबाजी येतात तेव्हा पाय सुजलेले, आवाज बसलेला आणि शेतातलं धान कापणीला आलेलं. नातवंडांच्या वाट्याला जे आबाजी येतात ते असे उरलेले.

तरी हे आठ दिवसांचं प्रकरण आहे. पुढे आजीचा चिवडा असतो, अनारसे असतात, आंभोऱ्याला वैनगंगेवरचा २०२४ मध्ये सुरू झालेला नवा पूल दाखवायला नेणं असतं, आणि निघताना आजीच्या पदराच्या गाठीतून निघणारी नोट असते. कुही तालुक्यात आणखी एक वेगळी जात आहे आजी-आजोबांची. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली त्यांचं मूळ गाव गेलं आणि आता ते पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. त्यांची नातवंडं सुटीत येतात ती आईचं लहानपण कधीही न पाहिलेल्या घरात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे एवढंच, की आजोबांचं घर म्हणजे जागा, हे गृहीतक आमच्याकडे केव्हाच ढिलं झालेलं आहे.

मला लिहायचं आहे ते जे आठ दिवसांसाठी जात नाहीत त्यांच्याविषयी. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून नवरा-बायको दोघंही एखाद्या सेवेच्या ठिकाणी राहायला जातात. आश्रम, आश्रमशाळा, कुष्ठधाम, केंद्र, नाव काहीही असो. मुलं मार्गी लागलेली असतात. पेन्शन असते, गुडघे अजून चालतात, आणि उरलेली वर्षं कोणाच्या तरी कामी यावीत असं मनापासून वाटत असतं. अशा दांपत्याचं कौतुक फार होतं. सत्कारात शाल देतात, श्रीफळ देतात. पण दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची नातवंडं त्या ठिकाणी येतात तेव्हा काय होतं, यावर कोणी बोलत नाही. पोरं कुठे झोपतात? काय खातात? आजीला त्यांच्यासाठी वेगळं काही करता येतं का? आजोबांची सायंप्रार्थनेची वेळ आणि पोरांची गोष्टीची वेळ एकच असली तर कोण माघार घेतं?

जगात याची सोय लावणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत ‘लॅटर-डे सेंट्स’ नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात. त्यांच्यात तरुण मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष घरदार सोडून धर्मप्रचाराला जातात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यांच्यात निवृत्त जोडपीही जातात, स्वतःच्या खर्चानं. २०११ पासून त्यांना मुदत निवडता येते: सहा महिने, बारा, अठरा किंवा तेवीस. भारतात त्यांचं मिशन १९९३ पासून बंगळुरूला आहे. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते मुदत असणं. अठरा महिने म्हणजे अठरा महिने. नातवाला सांगता येतं, पुढच्या दिवाळीला आजी घरी असेल. आमच्याकडे सेवेला मुदत लावली की ती कमअस्सल ठरते. आम्हाला ‘आजीवन’ लागतं, ‘देह ठेवीपर्यंत’ लागतं.

याला एक अपवाद आहे, आणि त्याचं मूळ आपल्या विदर्भातलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याला जन्मलेल्या एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीचं विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये उभं केल्यावर १९७२ मध्ये विवेकानंद केंद्र स्थापन केलं. केंद्राच्या कार्यकर्त्यांत जीवनव्रती असतात, ठरावीक काळासाठी येणारे सेवाव्रती असतात, आणि संसारातून मोकळे झालेले वानप्रस्थीही असतात. म्हातारपणी सेवेला येणाऱ्या माणसासाठी स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र जागा करणं, हे एकनाथजींच्या काटेकोर डोक्याला शोभणारं होतं. असा माणूस तरुण जीवनव्रतीसारखा पाशमुक्त नसतो. त्याच्या मागे सुना-जावई असतात, बारशी असतात, नातवंडांची आजारपणं असतात. ‘वानप्रस्थ’ या जुन्या कल्पनेत हे सगळं मानलेलंच आहे. माणूस वनाकडे निघालेला असतो, पण त्यानं गावाकडे पाठ पूर्ण फिरवलेली नसते.

नागपूरच्या जुन्या ख्रिस्ती मिशनमध्ये हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनं सुटला होता; खरं म्हणजे सुटलाच नव्हता. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला. ज्याच्या नावानं पुढे हिस्लॉप कॉलेज निघालं तो हा पाद्री, भूगर्भशास्त्राचा नादी. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं उत्खनन पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. वय पंचेचाळीस, नातवंडांपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. त्या काळच्या मिशनरी घरांत मुलं सहा-सात वर्षांची झाली की शिक्षणासाठी विलायतेला किंवा अमेरिकेला पाठवायची रीत होती. तिथे त्यांना वाढवायचे ते आजी-आजोबा नाहीतर एखादी आत्या. म्हणजे नातवंडं आजीकडे जायची ती आई-बापांना सोडून. पुढे १९०१ मध्ये कोडाईकॅनॉलला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली तेव्हा निदान समुद्र मधून हटला. हिंदुस्थानात सेवा करणाऱ्या म्हाताऱ्या मिशनरी जोडप्याकडे नातवंडं सुटीला आली आहेत, हे चित्र बोटीच्या काळात विरळाच.

म्हणून या विषयाचं खरं प्रकरण पाहायचं तर कुहीहून नागपूरमार्गे वर्ध्याची वाट धरावी लागते. सेवाग्रामला.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन पत्रं तिकडे जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. गांधीजी सदुसष्टाव्या वर्षात होते, कस्तुरबा त्यांच्याहून काही महिन्यांनी मोठ्या. आज ज्याला निवृत्तीनंतरची सेवा म्हणतात त्याच वयाचं हे जोडपं. राजकारण मागे लागलेलं असलं तरी इथे यायचा हेतू गावात बसून गावाचं काम करणं हाच होता. पहिली कुटी बांधली ती आदिनिवास: कुड, माती, बांबू, गावचेच कारागीर, आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत ठेवायची अट. त्या एका खोलीत सगळे. बापू, बा, सचिव प्यारेलाल, येणारे-जाणारे. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान त्याच खोलीत राहिले. १९३६ मध्येच गांधीजींच्या बोलावण्यावरून तुकडोजी महाराज आले आणि महिनाभर राहिले तेही तिथेच.

आमच्या आबाजींच्या गुरुदेवांचा संबंध इथे असा येतो, आणि नेमका या गोष्टीच्या नाजूक जागेवर येतो. कारण त्या भरलेल्या खोलीत कस्तुरबांची फार कुचंबणा झाली. कपडे बदलायला आडोसा नाही, घटकाभर पडायला कोपरा नाही. रात्रंदिवस पुरुष पाहुण्यांचा राबता. ही अडचण जमनालाल बजाजांच्या ध्यानात आली आणि त्यांनी बांसाठी शेजारी वेगळी कुटी बांधून घेतली. तीच आजची बा-कुटी. सेवाग्रामला जाणारे बहुतेक लोक बापू-कुटीत जास्त वेळ काढतात: तो टेलिफोन, ती साप पकडायची पेटी, ती तीन माकडं. बा-कुटीत लोक डोकावून पुढे जातात. मला मात्र सबंध आश्रमात ही एकच खोली घरासारखी वाटते. आश्रमाच्या नियमानं सगळं सगळ्यांचं. त्यात एका म्हाताऱ्या बाईसाठी थोडं ‘तिचं’ केलेलं आहे.

आणि नातू राहिला तो बांजवळ.

रामदास हे गांधीजींचे तिसरे चिरंजीव. त्यांचा मुलगा कनू. घरात त्याला कानो किंवा काना म्हणत. हा पोरगा आजी-आजोबांजवळ सेवाग्रामला राहायचा. त्याला तुम्ही पाहिलेलं आहे. १९३७ च्या डिसेंबरात गांधीजी आजारपणातून उठून जुहूला विश्रांतीसाठी होते, तेव्हाचं ते छायाचित्र: समुद्रकाठी एक उघडा पोरगा काठीचं पुढचं टोक धरून ओढत निघालाय आणि मागचं टोक धरून आजोबा जवळजवळ पळताहेत. तोच हा. त्याची आणि दुसऱ्या कनू गांधींची गल्लत नेहमी होते. ते दुसरे नारणदास गांधींचे चिरंजीव, नात्यानं पुतण्याचा मुलगा. सेवाग्रामची आपल्याला माहीत असलेली बहुतेक छायाचित्रं त्यांनी काढली. बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले होते, पण बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि फोटोचा खर्च आश्रमाच्या माथी मारायचा नाही. घरचं पोर म्हणून सूट शून्य. या घरात नातलगाला नियम थोडा अधिकच कडक लागायचा.

हा कडकपणा कुठून आला ते समजल्याशिवाय बा-कुटीची किंमत कळत नाही. १९०१ मध्ये गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहून हिंदुस्थानात परतायला निघालं तेव्हा लोकांनी सोन्याचांदीच्या, हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यात पन्नास गिनींचा एक हार होता, खास कस्तुरबांसाठी. सार्वजनिक सेवेबद्दल मिळालेली वस्तू घरात ठेवायची नाही, असं गांधीजींनी रात्रभर येरझारा घालून ठरवलं. बांनी वाद घातला. तुम्हाला नको, मुलांनाही तुम्ही फितवलंत. पण उद्या सुना येतील त्यांचं काय? आत्मकथेत गांधीजींनी हा वाद प्रामाणिकपणे दिला आहे आणि तो आपण जिंकल्याचंही. दागिन्यांचा ट्रस्ट झाला. सुनांसाठी ठेवायचं म्हणजे पर्यायानं नातवंडांसाठीच ठेवायचं होतं. ती पेटी तेव्हाच रिकामी झाली.

दुसरी गोष्ट १९२९ ची, साबरमतीची. लोक बांच्या हातात कधीमधी रुपया-दोन रुपये ठेवत. ते आश्रमाच्या कचेरीत जमा करायचे असा नियम. चार रुपये बांनी जवळ ठेवले, जमा करायचं राहिलं. गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये त्यावर लेख लिहिला, आपलं दुःख आणि आपली लाज जाहीर करणारा. आश्रमातल्या इतरांच्या चुकांबरोबर बायकोचे चार रुपयेही छापले. सत्यनिष्ठेचा नमुना म्हणून हा लेख लोक वाचतात. मी तो वाचतो तेव्हा कुहीच्या आजीच्या पदराची गाठ समोर येते. त्या चार रुपयांचं बा काय करणार होत्या कोण जाणे. पण साठीच्या बाईला चार रुपये जवळ असावेत असं वाटणं मला चूक वाटत नाही, आणि बापूंबद्दल कितीही आदर असला तरी या प्रकरणात माझं मत बांच्या बाजूनं पडतं.

सेवेच्या घरात आजोबांना नातवंडांना देण्यासारखं काहीतरी उरतं. वेळ देता येतो, गोष्ट देता येते, शिकवण देता येते. ते कचेरीत जमा करावं लागत नाही. आजी मात्र देते ते वस्तूंमधून. लाडू, गरम पाण्याचं घंगाळ, नवा सदरा, चोरून दिलेला साखरेचा चमचा. सामुदायिक रसोड्यात यातलं काहीच तिचं नसतं. सगळ्यांना जे शिजेल तेच नातवाला. त्यामुळे आश्रमी आजोबांच्या कितीतरी आठवणी पुढे छापून येतात आणि आश्रमी आजीच्या फारशा येत नाहीत. तिच्या हातात द्यायलाच काही ठेवलेलं नसतं. बा-कुटीनं निदान एक कूस दिली, जिथे रात्री नातू झोपू शकेल.

छापून आलेल्या आठवणींत सगळ्यात जास्त गाजल्या त्या अरुण गांधींच्या. मणिलाल हे गांधीजींचे दुसरे चिरंजीव, दक्षिण आफ्रिकेत फिनिक्स वसाहत आणि ‘इंडियन ओपिनियन’ सांभाळणारे. त्यांची पत्नी सुशीला अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातली, किशोरलाल मशरूवालांची पुतणी. १९२७ मध्ये लग्नही अकोल्यातच झालं. म्हणजे अरुण आणि धाकटी इला यांना विदर्भात दोन घरं होती: अकोल्याला मामाचं, सेवाग्रामला आजोबांचं. पहिल्या घरात लाड, दुसऱ्यात पहाटेची प्रार्थना आणि संडास-सफाईची पाळी. अरुणला आफ्रिकेत गोऱ्या पोरांनी काळा म्हणून मारलं होतं, काळ्या पोरांनी गोरा म्हणून मारलं होतं. पोरगा सूडानं पेटलेला. आई-बापांनी त्याला बाराव्या वर्षी आजोबांजवळ ठेवलं. तोवर कस्तुरबा गेल्या होत्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला, आगाखान पॅलेसच्या कैदेत. या नातवंडांना सेवाग्राममध्ये आजी मिळालीच नाही.

आजोबांनी काय दिलं? अरुण गांधी सांगतात, रोज एक तास. सत्तेच्या वाटाघाटी चालू, देश फुटायच्या बेतात, भेटीला कोण कोण येऊन थांबलेलं; त्यात एक तास बारा वर्षांच्या पोरासाठी राखलेला. पेन्सिलीची गोष्ट तर आता जगभर सांगितली जाते. झिजून बोटाएवढी राहिलेली पेन्सिल अरुणनं शाळेतून येताना फेकून दिली आणि आजोबांकडे नवी मागितली. आजोबांनी नवी दिली नाही. हातात टॉर्च दिला आणि फेकलेली शोधून आण म्हणाले. शोधून आणल्यावर दोन धडे: वस्तू वाया घालवणं ही निसर्गावरची हिंसा, आणि गरजेपेक्षा जास्त वापरणं ही दुसऱ्या माणसावरची. स्वाक्षरीचीही गोष्ट आहे. हरिजन फंडासाठी गांधीजी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत. नातवानं हट्ट धरला की मला फुकट हवी. मोठ्या लोकांशी बोलणी चालू असताना मध्येच घुसून मागायचा. आजोबा चिडले नाहीत. त्याचं डोकं छातीशी धरायचे, तोंडावर हात ठेवायचे आणि बोलणी पुढे चालू. स्वाक्षरी शेवटपर्यंत फुकट दिली नाही.

या गोष्टी अरुण गांधींनी आयुष्यभर व्याख्यानांतून सांगितल्या, २०१७ च्या ‘द गिफ्ट ऑफ अँगर’मध्ये लिहिल्या. सांगून सांगून गोष्टींच्या कडा झिजतात, ते इथेही झालं असेल. आणखी एक हिशोब मनात येतो. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीला निघाले ते परत आलेच नाहीत. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. त्याआधीच्या महिन्यांतही पुणे, पाचगणी, दिल्ली अशा फेऱ्या चालूच. तेव्हा आजोबांसोबतचा प्रत्यक्ष काळ नातवाच्या आठवणीत पसरला आहे तेवढा लांब नसावा. पण म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. लहानपणी सुटीत भेटलेल्या माणसाचं असंच होतं. पंधरा दिवस पुढे पन्नास वर्षं पुरतात. सेवेला गेलेल्या आजोबांनी यातून घ्यायचं तर एवढंच घ्यावं, की तास ठरवून द्यावा आणि तो कुणाला कापू देऊ नये. सरपंच आला तरी, संस्थेचा अध्यक्ष आला तरी.

रामदासभाईंचं बिऱ्हाड पुढे नागपुरात होतं. म्हणजे सेवाग्रामच्या आजोबांचं एक पोरंबाळंवालं घर आमच्या जिल्ह्याच्या गावी. ३१ जानेवारी १९४८ ला दिल्लीत चितेला अग्नी दिला तो रामदासभाईंनी, नागपूरहून पोचून. त्यांच्या पत्नी निर्मलाबेन यांनी पुढचं आयुष्य सेवाग्राममध्ये काढलं. त्यांची मोठी मुलगी सुमित्रा लग्नानंतर कुलकर्णी झाली, प्रशासकीय सेवेत गेली, १९७२ ते १९७८ राज्यसभेत होती, आणि आजोबांवर तिनं हिंदीत दोन खंड लिहिले. काठी ओढणारा कानो अमेरिकेत गेला, एमआयटीत शिकला, नासात नोकरी केली. बायको शिवलक्ष्मी शास्त्रज्ञ, मूलबाळ नाही. २०१४ मध्ये दोघं परतले आणि राहायला घर नसल्यानं या-त्या आश्रमांत, वृद्धाश्रमांत राहिले. २०१६ मध्ये दिल्लीच्या वृद्धाश्रमात ते असल्याची बातमी झाली, पंतप्रधानांनी फोन केला, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सुरतेत कनूभाईंचं निधन झालं. वर्तमानपत्रांनी ‘गांधींचा नातू वृद्धाश्रमात’ म्हणून हळहळ छापली. लहानपण ज्यानं आश्रमात काढलं त्याला म्हातारपणी आश्रमाचं किती वाईट वाटलं असेल, याची मला शंका आहे.

अरुण गांधी शेवटी महाराष्ट्रातच आले. २ मे २०२३ ला कोल्हापुरात वारले.

सेवाग्रामहून चंद्रपूरकडे उतरलं की वरोऱ्याला आनंदवन. आमटे कुटुंबाचं उदाहरण इथे उलटं आहे आणि म्हणून उपयोगी. बाबा आणि साधनाताईंची नातवंडं आश्रमाला भेट द्यायला येणारी नव्हती. थोरला मुलगा विकास आणि सून भारती यांची मुलं आनंदवनातच वाढली, धाकट्या प्रकाश-मंदाकिनींची हेमलकशाला. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत किंवा बिबळ्या-अस्वलांच्या सोबतीनं बालपण काढणाऱ्या पोरांना आजोबांचं काम म्हणजे परकं काही नव्हतं. तेच घर होतं. अशा घरातून गेले ते आजी-आजोबाच! १९९० मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी बाबा नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले. सरदार सरोवराच्या विरोधात लोकांबरोबर उभं राहायला. घराला नाव दिलं ‘निजबळ’. साधनाताई सोबत होत्या. मणक्याच्या दुखण्यानं बाबांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. या वयात, या शरीरानं, आपण उभी केलेली आणि नातवंडांनी भरलेली वस्ती मागे सोडून दुसऱ्या राज्यात दहाएक वर्षं राहणं हे खरं ज्येष्ठांचं मिशन. त्या निर्णयाची चर्चा धरणाच्या अंगानं पुष्कळ झाली. साधनाताईंच्या अंगानं कमी झाली. नागपूरच्या घुले शास्त्र्यांच्या सोवळ्या घरातली ही मुलगी १९४६ मध्ये बाबांशी लग्न करून निघाली तेव्हापासून तिनं घर किती वेळा मांडलं आणि किती वेळा सोडलं ते ‘समिधा’त वाचावं. प्रत्येक वेळी ठरवलं नवऱ्यानं, मांडलं तिनं.

ज्यांनी असं जायचं ठरवलंय त्यांना मी सल्ला द्यावा एवढा माझा अधिकार नाही, पण या घरांकडे पाहून काही गोष्टी डोळ्यांत भरतात. संस्थेत राहायला जाताना चुलीचा प्रश्न आधी सोडवावा. जेवण सामुदायिक असलं तरी आजीच्या खोलीत एक स्टोव्ह आणि एक डबा असायला संस्थेची हरकत नसावी. असेल तर ती संस्था तरुणांसाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी नाही. पोरं आली की पहिले दोन दिवस त्यांना प्रार्थनेला उठवू नये. तिसऱ्या दिवशी ती आपोआप उठतात, कारण घंटा जोरात वाजते. काम द्यावं, पण पाहुण्यांना दाखवायला नाही. आश्रमशाळेतल्या पोरांसमोर आपल्या नातवाला वेगळा लाडू देणं अवघड जातं हे खरं. मग लाडू सगळ्यांना करावेत. खर्च होतो, होऊ द्यावा. आणि निघताना आजीनं नातवाच्या हातात जे ठेवायचं ते तिच्या स्वतःच्या पैशांतून, कोणाच्या पावतीशिवाय. आणखी एक: आजोबांनी नातवंडांच्या मुक्कामात कुणाचंही उद्‌घाटन स्वीकारू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरांची तक्रार ऐकावी. नियमाच्या घरात राहून राहून मोठ्या माणसांची जीभ नियमाला सरावते. खुपतं ते बोलायचं राहून जातं, आणि न बोलणं हीच साधना वाटायला लागते. बाहेरून आलेलं पोर ते बोलतं. सेवाग्रामात हेच घडलं. मणिलालभाईंची धाकटी, इला, तेव्हा पाच-सहा वर्षांची. आश्रमात त्या दिवसांत रोज भोपळा. सकाळी भोपळा, संध्याकाळी भोपळा, उकडलेला, बिनमिठाचा. आम्ही त्याला कोहळं म्हणतो. कुहीत तो आला की आजी गूळ घालून, कणकेत मळून कोहळ्याचे बोंड तळते आणि पोरं परातीभोवती बसतात. सेवाग्रामात तेल-गुळाचा प्रश्नच नव्हता. आश्रमातली मोठी माणसं निमूट खात होती. बापूंचं व्रत असेल, संयमाचा काही प्रयोग असेल असं प्रत्येकाला वाटत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. इला आजोबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की या जागेचं सेवाग्राम हे नाव बदला आणि भोपळ्याचं नाव ठेवा.

गांधीजींना हे काही ठाऊकच नव्हतं. त्यांचा आहार वेगळा असायचा. त्यांनी चौकशी केली. निघालं असं, की शेतात पिकेल तेच खायचं हा बापूंचा आदेश व्यवस्थापकांनी शब्दशः पाळला होता आणि शेतात लावला होता नुसता भोपळा. व्रत नव्हतं, प्रयोग नव्हता, फक्त लावणी चुकली होती. वेगवेगळ्या भाज्या लावा, असं सांगण्यात आलं.

तक्रार करणारी ती मुलगी पुढे दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत निवडून गेली आणि १९९४ पासून दहा वर्षं तिथे बोलत राहिली.